मी बसलेल्या खुर्चीचं दान

गुरुवार, दि. ६ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. अपराधाची वेळ आधी लिहून ठेवते. पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीमागे एकतीस वर्षं काढल्यावर मला एवढं नक्की कळतं, की तारीख-वेळ नसलेली तक्रार म्हणजे नुसती कुरकुर.

चि. धाकटीस थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. (रागात असलो तरी आशीर्वाद आधी द्यावेत, हे आपल्या शाळेतल्या मदरनी शिकवलं. समास सोडायलाही त्यांनीच शिकवलं, म्हणून संताप कितीही आला तरी तो समासाच्या आत ठेवला आहे.) तुझी तब्येत बरी असेल. मठात पहाटे साडेचारला उठवतात म्हणे. इथे सुटीच्या दिवशी तुला आठ वाजता उठवायला तीन हाका आणि एक ओला हात लागायचा. देवाची हाक बरी पहिल्या खेपेला ऐकू येते!

तर वर सांगितलेल्या वेळी मी माझ्या खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होते. दारात दोन हमाल आणि चर्चच्या कचेरीतला कारकून. कारकुनाच्या हातात तुझ्या सहीची चिठ्ठी : ‘माझी हातांची खुर्ची वृद्धाश्रमाला द्यावी.’ मी म्हटलं, खुर्चीत माणूस आहे, दिसत नाही का? त्यावर त्यातला जाडा हमाल अगदी अदबीनं म्हणाला, “आजी, जरा उठता का? चिठ्ठीत नुसती खुर्चीच लिहिलीय.” मी उठले. आणखी पाच मिनिटं बसले असते तर वृद्धाश्रमात पोचती झाले असते, आणि तिथल्या पावतीवर माझी काय नोंद झाली असती कोण जाणे.

खुर्ची तू तुझ्या पगारातून आणलीस, हे मला मान्य आहे. पण ऑपरेशन थिएटरात उभी राहून राहून तुला बसायची सवयच राहिली नव्हती. बावीस वर्षं त्या खुर्चीवर बसण्याचं काम एकट्या मी केलं. बायबलात प्रभूनं त्या श्रीमंत तरुणाला सगळं देऊन टाक म्हणून सांगितलं, ते त्याचं स्वतःचं. बहिणीच्या बुडाखालचं दे, असं सांगितल्याचं निदान आमच्या वर्गात तरी शिकवलं नव्हतं. त्याग तुझा आणि गुडघे माझे, ही कुठली भक्ती?

आणि हे सगळं कधी, तर तुला मठात कायमचं घेण्याआधीचा मदर सुपिरिअरचा तो फॉर्म माझ्याकडे येऊन पडलेला असताना. जवळच्या नातेवाइकानं, म्हणजे मीच, तो भरायचा आहे. प्रश्न चौथा : ‘उमेदवाराच्या देखभालीवर घरातील कोणी अवलंबून आहे काय?’ मी दारावरच्या सिस्टरला फोन करून विचारलं, ‘हो’ लिहिलं तर काय होतं? ती गोड आवाजात म्हणाली, मग आम्ही त्यांना घरी परत पाठवतो, आधी घरचं माणूस. म्हणजे तुझा मठ माझ्या पेनाच्या टोकावर आहे, आणि तू माझीच खुर्ची नेतेस! अक्कल गहाण ठेवून देवाकडे जाता येतं, हे मला नवीन आहे.

पण मीही तुझीच बहीण. म्हटलं, तुला जमतं ते मला न जमायला काय झालं? शुक्रवारपासून चहातली साखर सोडली. शनिवारी गरम पाणी सोडलं. (अंगावर पहिला तांब्या घेतल्यावर मी देवाचं नाव घेतलं खरं, पण ते प्रार्थनेत धरत असतील असं वाटत नाही.) शनिवारी झोपताना गादी सोडली आणि सतरंजीवर आडवी झाले. आडवं होणं सोपं असतं. रविवारी उजाडल्यावर कळलं, की त्यागात शिरता येतं, पण त्यातून उठायला माणूस लागतं. पलंगाचा पाय धरून पाहिला, पलंगच माझ्याकडे यायला लागला. शेवटी चपलेनं फरशी बडवली. खालची शिवणवाली धावत आली, कुलूप उघडून थेट आत. माझ्या घराची किल्ली तिच्याकडे कशी, विचारलं तर मला काखेत धरून उठवता उठवता म्हणते, “तुमच्या बहिणीनं देऊन ठेवलीय. म्हणाल्या, ताई माझ्याशी चढाओढ करणार, आठवड्याभरात जमिनीवर सापडेल. रोज सकाळी जरा कान देत जा.” म्हणजे तू मला आरपार ओळखतेस. हा दुसरा अपमान.

सोमवारी कंबर शेकून वृद्धाश्रमात गेले, खुर्ची परत आणायलाच. टेम्पोसुद्धा ठरवला होता. खिडकीपाशी माझी खुर्ची आणि तिच्यात एक वाळकी म्हातारी, पूर्वीची बस कंडक्टर. चौतीस वर्षं उभ्यानं तिकिटं फाडली म्हणाली. मला स्टूल दिलं. मग विचारते, “या गादीला डावीकडे खड्डा आहे बघा. कोण बसायचं हो हिच्यावर?” मी म्हटलं, होती एक आळशी बाई. तर ती हात जोडून म्हणाली, “देव भलं करो तिचं! माझी कंबर अगदी नेमकी बसते त्यात.” रोज सकाळी त्या बाईसाठी प्रार्थना करते म्हणे. आता अशा माणसाला ऊठ म्हणायला हमालाचंच काळीज हवं. टेम्पोवाल्याला रिकामंच परत पाठवलं, त्यानं जाताना माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ते लिहिण्यासारखं नाही.

तरी तक्रार कायम आहे. एकसष्टाव्या वर्षी घर सोडायचं तर आधी घराला विचारावं. मी चौथ्या प्रश्नाला ‘हो’ लिहू शकते, आणि ते खोटंही ठरणार नाही. याचा तू विचार करावास.

तुझी संतप्त,
ताई

ता. क. फॉर्म कालच पोस्टात टाकला. ‘नाही’ लिहिलं आहे. दोन अक्षरं, पण तीन दिवस लागले आणि एक पेन वाया गेलं. शिवणवालीला साक्षीला बसवलं होतं. ती म्हणाली, “ताई, बहिणीपेक्षा तुम्हीच मोठं काहीतरी सोडलंत.” मी तिला तोंड सांभाळून बोलायला सांगितलं.

दुसरा ता. क. सहावा प्रश्न ‘उमेदवाराच्या स्वभावातील दोष’ असा होता. जागा पुरेना, म्हणून तीन कागद जोडले आहेत. मदर सुपिरिअर त्याबद्दल काही बोलल्या तर मान खाली घालून ऐकून घे, नम्रतेला बरं असतं.

शेवटचा ता. क. राखेच्या बुधवारपासून उपवासाचे चाळीस दिवस तुमच्याकडून टपाल बाहेर जात नाही, हे मी विचारून ठेवलं आहे. म्हणून आदल्या दिवशी, मंगळवार, दि. ४ मार्च, दुपारी बाराच्या आत माझ्या हातात लेखी उत्तर पाहिजे. प्रश्न एकच. तुला तिथे उशी देतात का? मानेचं दुखणं तुझं आहे, देवाचं नाही. ‘प्रभूची कृपा आहे’ असलं उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही. हो किंवा नाही.