आईचं कडं

लोरिंडा,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

शनिवारी गॅलपच्या बाजारात एका गोऱ्या बाईच्या मनगटावर आईचं कडं दिसलं. फिरोज्याशेजारी आजोबांची छिन्नी निसटून पडलेला ओरखडा मी लगेच ओळखला. बाई जुने दागिने जमवणारी. मी टक लावून बघतेय म्हटल्यावर तिने हौसेने ते माझ्या हातात दिलं.

“आगगाडीच्या प्रवाशांसाठी घडवलेला माल हा,” ती म्हणाली. “तुम्हा मूळनिवासी लोकांत आता कुणाला कदर नाही. आम्ही तरी जपतो.”

आजोबांनी जन्मभर प्रवाशांसाठी कडी घडवली, पण हे एकच आजीसाठी घरात ठेवलं, असं मी सांगितलं. ती हसली. “अहो, असं सगळेच सांगतात. जिने विकलं ती मुलगी म्हणाली, घरात कुणालाच नको होतं.”

कुणाला नको होतं गं? लग्नात घालते म्हणून तूच ना आईकडून मागून नेलंस?

मी कडं परत दिलं आणि घरी आले. आई आपल्या फुगीर रोट्या तेलात तळत होती. तिला सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, “लोरिंडाला फोन कर. म्हणावं, कडं आणून द्यायची घाई नको. तुलाच शोभतं, तुलाच दिलं.”

मी ‘बरं’ म्हणाले.

फोन केला नाही. हे पत्रही टाकणार नाही. वाचलंस, तर ‘आईने मलाच दिलं होतं’ म्हणशील आणि मोकळी होशील.

तुझी थोरली बहीण,
व्हर्ना