शपथ सुटली म्हण, अक्का

अक्के, बाई माझे,

आज तुला कागद लिहून राह्यले, कारण उद्या पहाटे गाडी जुंपायची आहे. जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई मला माझा निकाल सांगणार. तो ऐकायच्या आधी तुझ्याकडून एक गोष्ट सोडवून घ्यायची आहे. लेकरू झोळीत झोपलंय, तोवर लिहिते. अक्षर तिरकं आलं तर हसू नको. चुलीच्या राखेत माझं बोट धरून तूच शिकवलंस ना? मंग बोल कुणाला लावशील?

मला मुलगी झाली, अक्का! अडीच महिन्यांची आहे. नाक थेट तुझं, फेंदरं. पण बाळंतपण होऊन एवढे दिवस झाले तरी माझ्या अंगावरून जायचं थांबलंच न्हाई. आत्याबाई सासूच्या तोऱ्यात म्हणाल्या, "चालायचंच बाई, डिंकाचे लाडू खा." डिंक संपला, रक्त काही थांबलं न्हाई. शेवटी तुझ्या धाकट्या दिरानं मला गाडीत घातलं आणि जालना गाठलं. ज्याच्यासाठी तू मला हट्टानं या शहागडात मागून आणलंस, तोच हा. बहीणही तू आणि जाऊही तूच, दोन्हीकडून मलाच दटावायचीस.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "पिशवीच्या तोंडाशी जखम आहे. साधी असली तर औषधानं भरेल. वाईट असली तर मात्र उशीर बिलकुल चालणार नाही." मंग तिथला बारीक तुकडा काढून काचेच्या शिशीत घातला आणि रेल्वेनं हैद्राबादला पाठवला. तिथं म्हणे खुर्दबिनीखाली, म्हणजे बारकं मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली, धरून पाहतात. बघ गं, माझ्या अंगाचा तुकडा हैद्राबाद पाहून आला आणि मी अजून औरंगाबादही पाहिलं न्हाई!

त्यांनी मला विचारलं, "तुझ्या आईला, बहिणीला असं काही झालं होतं का?"

मी म्हणाले, "न्हाई."

खोटं बोलले, अक्का. तुझ्या शपथेपायी.

आठवतं का तुला? माहेरी गुळाचा खडा पळवलास की तू माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घालायचीस, आईला सांगू नको म्हणून. माझ्या पोटात मावायचं न्हाई. मी तुझ्यामागं भुणभुण लावायची, "सुटली म्हण, अक्का, सुटली म्हण!" जिनं शपथ घातली तिनंच सोडवायची, हा तुझाच कायदा. तू दमवायचीस, पण शेवटी म्हणायचीसच.

ती शेवटची मात्र तू सोडवलीच न्हाई. आपल्या गोदागंगेवर सगळ्या बायका घाटाला धुणं धुवायच्या आणि तू फडकी घेऊन डोहाकडच्या खडकावर जायचीस. एकदा मी मागून आल्ते. पाणी लाल झाल्तं. तू माझा ओला हात डोक्यावर ठेवलास आणि म्हणालीस, "कुणाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील. यांना कळलं तर सवत आणतील." मी पंधरा वर्षांची. भ्याले. पाच महिने तू ते दुखणं अंगावर काढलंस, मी पाच महिने तोंड शिवलं. कुणाला सांगितलं न्हाई, तरी तुझं मेलेलं तोंड पाहिलंच ना मी?

रागावू नको, पण आज बोलतेच. जिची तू एवढी धास्ती घेतलीस, ती सवत आलीच न्हाई! दाजींनी दुसरं लगीन केलं न्हाई. सहा वर्षं झाली, अजून तुझ्या लेकीची, यमीची, वेणी स्वतः घालतात, वाकडीतिकडी. त्या माणसाला एकदा सांगून तर पाहायचं होतंस. तुला खांद्यावर बसवून जालन्याला नेलं असतं त्यांनी.

हे पंधरा दिवस कसे काढले, माझं मला ठाऊक. मन चिंती ते वैरी न चिंती. ज्वारी निवडायला बसते तर खडे सुपात आणि ज्वारी उकिरड्यावर. पोरीला पाजताना वाटतं, ही रांगेल तेव्हा मी असेन का? ह्यांना विचारलं, "निकाल काय येईल हो?" तर उठून गाडीच्या चाकाला वंगण घालायला गेले. आठवड्यात तीनदा घातलं. त्यांनाही भ्या वाटतंय. आणि भीतीपेक्षा ते 'न्हाई' जास्त टोचून राह्यलं. माझ्या खोट्यानं इलाज चुकला तर?

काल फडकी धुवायला मीसुद्धा डोहाकडच्या खडकावर गेल्ते. तुझ्याच. मागं वळून पाहते तर तुझी यमी उभी! तेरा वर्षांची झाली, उंचीनं तुझ्याएवढी.

म्हणाली, "मावशी, आई पण इथंच यायची. मी झाडाआडून पाहायची."

सात वर्षांच्या लेकराला ठाऊक होतं गं! आपण दोघी कुणापासून लपवून राह्यलो होतो? मी तिला खडकावर शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं. शपथ, डॉक्टरीणबाई, माझं खोटं, सगळं.

ती रडली न्हाई. म्हणाली, "शपथ घालणारी नसली, तर मंग सुटली कुणी म्हणायचं?"

तिनं माझं गाठोडं उचललं, सरळ घाटावर गेली आणि चार बायकांच्या मधल्या दगडावर ती फडकी आपटून आपटून धुतली. कुणी नाक मुरडलं न्हाई. उलट शेजारच्या म्हातारीनं रिठ्याचं पाणी पुढं सरकवलं.

तर अक्का, उद्या निकाल विचारायच्या आधी मी डॉक्टरीणबाईंना तुझं सगळं सांगणार. तुझ्या दिरासमोर सांगणार. कागदावर साधं येवो की वाईट, ते घरात मोठ्यानं बोलणार, आत्याबाईंनाही आणि दाजींनाही. येत्या उन्हाळ्यात यमी सासरी जाईल. तिला मी लुगडं देईन, पाटल्या देईन, पण असली शपथ देणार न्हाई. तिचं काही दुखलं तर तिनं पहिल्या दिवशी ओरडायचं, एवढं तिच्याकडून कबूल करून घेईन. माझ्या पोरीलाही हेच शिकवीन. आणि मी नसलेच, तर यमी शिकवील.

लेकरू उठलं. यमीला म्हणलं, तुला आईला काही लिहायचं तर खाली लिही. अक्षरं मी शिकवलीत तिला, राखेतच.

तुझी धाकटी,
रखमी

आई, सुटली.
यमुना