आरशाशेजारचं पान

२ मार्च

चि. पोपटास,
ताईचे भरभरून आशीर्वाद. वि. वि. गुडघा सोडला तर सगळं ठीक. बारा तारखेला वाचनालयात सामान्यज्ञानाची स्पर्धा आहे: इतिहास, खाणंपिणं आणि विज्ञान. साठीपुढच्यांचा गट वेगळा. गिऱ्हाइकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही चढले.

परीक्षक आपले इतिहासाचे निवृत्त मास्तर. परवा दाढीला बसले असताना आरशाशेजारची चौकट वाचून म्हणाले, याला पुरावा काय. तीच रे, तुझ्या दिनदर्शिकेच्या पानाची: 'माहीत आहे का? जगातली पहिली कात्री एका बाईनं घडवली, घोरणाऱ्या नवऱ्याची दाढी कापायला.' बाबा गेल्यावर मी एकटी दुकान चालवायला लागले, तेव्हा बाईच्या हाती मान कशी द्यायची म्हणून लोक दारातूनच परत जायचे. हे पान लावलं आणि मला उत्तर द्यायला तोंड मिळालं. बावीस वर्षं झाली.

मास्तरांना मी चारचौघांत सांगितलंय, की माझा भाऊ पडताळल्याशिवाय ओळ छापत नाही. तेव्हा पुस्तकाचं नाव स्पर्धेआधी कळव. नाक कापायची वेळ आणू नकोस, ते काम माझं आहे.
लोभ पूर्वीइतकाच ठेव.
तुझी ताई

५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पुस्तक बहुधा माळ्यावर आहे, शोधतो. तोवर तयारीसाठी थोडं देतो. शुक्राचा एक दिवस त्याच्या वर्षाहून मोठा असतो. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. आणि शास्त्राच्या हिशेबानं केळं बेरी आहे, स्ट्रॉबेरी नाही. पाठ कर, पहिली येशील. मास्तरांचं फार मनावर घेऊ नकोस.
तुझा,
पोपट

६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. कालचं पत्र पेटीत टाकलं आणि आज पुन्हा लिहायला बसलोय. माळ्यावर काही नाही. पुस्तकच नाही, ताई. ती ओळ मी रचली. कात्री हजारो वर्षांची जुनी आहे. पहिली कुणी केली ते कुणालाच ठाऊक नाही.

त्या वर्षी एक पान भरायचं राहिलं होतं, छपाई खोळंबली होती आणि टेबलावर तुझं पत्र होतं. लोक खुर्चीत बसत नाहीत, चार दिवस येऊन जा, असं तू लिहिलं होतंस. मी यायला हवं होतं. आलो नाही, एक ओळ पाठवली.

आणि मूळ दुखणं त्याहून जुनं आहे. बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा दोघांपैकी एकानं शाळा सोडायची होती. वर्गात पहिला हात तुझा वर जायचा, माझा नाही. तरी सोडलीस तू, आणि मी दप्तर छातीशी धरून गप्प बसलो. तुला तोंड दाखवायची लाज वाटते.
रागावलीस तरी तोडू नकोस.
पोपट

१४ मार्च

चि. पोपटास,
आशीर्वाद आहेत, पण मोजके. तुझं पत्र आलं तेव्हा मास्तर खुर्चीत होते, एका गालाला साबण. आधी दाढी पुरी केली, मग सांगितलं. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

स्पर्धेत शुक्र आला, सांगितला. तो मास्तरांकडून आधीच पक्का करून घेतला होता. मग केळं आलं. उत्तर जिभेवर होतं, पण गिळलं. म्हटलं, हेही यानं रचलं असेल. एका गुणानं दुसरी आले.

चौकट उतरवली. भिंतीवर तिथं रंग उजळ राहिलाय, गिऱ्हाइकं विचारतात. मला राग कात्रीचा नाही. तू आला असतास तर त्या पानाची गरजच पडली नसती, त्याचा आहे. आता काही छापायचंच असेल तर खरं छाप.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पुढच्या वर्षीच्या, तुझ्या वाढदिवसाच्या पानाचा कच्चा छापील नमुना सोबत जोडलाय: 'माहीत आहे का? ही माहिती जमवणारा माणूस शिकला, कारण त्याच्या बहिणीनं सोळाव्या वर्षी शाळा सोडून हातात कात्री घेतली. वर्गात हुशार ती होती.' तू हो म्हटलंस तरच छापीन. आणि येत्या शनिवारी येतोय, नको म्हणालीस तरी. केळ्याचं खरं होतं गं.
पोपट

५ एप्रिल

चि. पोपटास,
आशीर्वाद. छाप. पण एक चूक आहे. सोळावं नाही, चौदावं. गिऱ्हाइकं हळहळू नयेत म्हणून बाबा सोळा सांगायचे, आणि तू ऐकलंस ते तेवढंच. कधी मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. दुरुस्त करून शनिवारी घेऊन ये.

चौकटीचा खिळा भिंतीतच ठेवलाय.
तुझी ताई