शॉट चिंचेपाशी संपतो

९ फेब्रुवारी १९८३

आज चावडीवर धरणाची कार्टून फिल्म दाखवली. चित्रं माझी. एका शॉटसाठी मी आमचं बुडणारं गाव लांबलचक कागदी पट्टीवर रंगवलं होतं. देवळापासून चिंचेपर्यंत, आणि चिंचेपलीकडे आमचं घर. पाहणाऱ्याला वाटतं कॅमेरा गावातून फिरतोय. तो जागचा हलत नाही, त्याच्याखालून पट्टी ओढतात. नागपूरला स्टुडिओत ती मीच ओढत होते. चिंच आली तसे फिल्म काढणारे साहेब म्हणाले, "बस, शॉट इथंच संपतो." मी थांबले. काहून थांबले?

पडद्यावर चिंच दिसली तसे बाबा उठून उभेच राहिले. आणि लगेच पुढचा शॉट, सानगडी रस्त्यावर आम्हाला मिळणारी नवी वसाहत, सगळे पत्रे एकसारखे.

घरी येताना म्हणाले, "काहून वं पोरी, आपलं घर काढलंच नाही?"

"काढलं होतं ना बाबा. कॅमेराच तिथवरी नाही गेला."

"मंग थोडा पुढं न्यायले काय होत होतं त्यायले?"

कॅमेरा हलत नाही, गावच ओढून नेतात, हे त्यांना कसं सांगू? वीतभर पट्टी उरली होती. माझ्याच हातात होती.