वाट पाहण्याच्या दोन खोल्या

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी इंग्रजीत काही लिहायला बसले की माझे पाय टेबलाखाली हलतात. ऑफिसातल्या पोरींना वाटतं, मॅडमच्या पायांना मुंग्या आल्या. त्यांना काय सांगू, मी इंग्रजी शिकले तेच मुळी चालून चालून. कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतलं तुमचं क्वार्टर, एक स्वयंपाकघर आणि एक बाहेरची खोली. सारख्या वाटणाऱ्या दोन शब्दांची जोडी तुम्ही घेणार, एक शब्द स्वयंपाकघराला देणार, एक बाहेरच्या खोलीला. मग पोळ्या लाटता लाटता मराठीत वाक्य सांगणार, आणि आम्ही पोरींनी ज्या त्या शब्दाच्या खोलीत जाऊन उभं राहायचं. खिडकीतून कोळशाचा ट्रक दिसला, म्हणजे सी, स्वयंपाकघर. नीट पाहा बरं, ट्रकवर ताडपत्री आहे का, म्हणजे लुक, बाहेर पळा. हिअर आणि लिसनच्या दिवशी इतकी धावपळ झाली की खालच्या मजल्यावरच्या काकू झाडू हातात घेऊनच वर आल्या होत्या.

मी घाबरट. मधल्या दारात उभी राहायची, म्हणजे बाकीच्या जिकडे जातील तिकडे पाऊल टाकता यावं. तुम्ही ते पाहिलंत. पोळी उलटायचा सराटा तुमच्या हातात होता, तो माझ्याकडे रोखून म्हणालात, "चुकशीन तं चुक वं, पण कोणत्या तरी एका खोलीत जाऊन चुक. दारात उभी राहून जन्म काढतं का?" मला रडू फुटलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण तव्यावरची पोळी करपत होती.

वेट आणि एक्सपेक्टच्या दिवशी मात्र मी तुमच्याशी वाद घातला होता. म्हटलं, बाई, आपण दोन्हीला वाट पाहणंच म्हणतो, मग दोन शब्द कशाला? तेवढ्यात शिफ्टचा भोंगा झाला. तुम्ही उठून तांदूळ धुवायला घेतले, कारण भोंग्यानंतर सर, तुमचे यजमान, घरी पोचायचे आणि त्यांना भात गरम लागायचा. पाणी निथळत म्हणालात, "ज्याच्यासाठी नुसतं बसलो ते वेट. ज्याच्या नावानं तांदूळ धुतले ते एक्सपेक्ट. तांदूळ काही कोणी उगाच धुवत नाही." एकीनं विचारलं, मग होपसाठी कुठे उभं राहायचं? तुम्ही हसलात. "क्वार्टरात दोनच खोल्या हायेत वं, तिसरी कुठून आणू?"

त्याच्या पुढच्या वर्षी सर गेले. तुम्ही क्लास बंद केला नाहीत. आणि भोंगा झाला की तुमचे हात तांदळाच्या डब्याकडे जायचे, तेही बंद झालं नाही. तो भात मग तुम्ही आम्हा पोरींना वाढायचात. नव्या मुलींना तुम्ही सगळ्या जोड्या शिकवल्यात, पण वेट आणि एक्सपेक्ट कधी घेतली नाहीत. तेव्हा मला वाटलं होतं, विसरल्या असतील.

तुमची ती जोडी पुढे माझ्या पोटापाण्याला आली. वाडीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी पार्ट्यांना ईमेल लिहिते. माल कधी येणार, हे सगळ्यांना आत्ताच्या आत्ता हवं असतं. ट्रकनं अमरावती सोडली असं ड्रायव्हरनं स्वतः फोनवर सांगेपर्यंत मी एक्सपेक्टेड लिहीत नाही. साहेब चिडवतात, मॅडम कोर्टात साक्ष द्यायला बसल्या. चिडवू देत. ऑफिसात मी तुमची विद्यार्थिनी शोभते, बाई. घरी नाही शोभत.

माझे मिस्टर गेल्यापासून घरात मी एकटी. मुलगा परदेशात. माडीवरची खोली त्याची, ती मी रिकामी ठेवली होती. दरवर्षी दिवाळीच्या आधी तो म्हणतो, "बघतो आई." एवढ्या एका 'बघतो'वर मी गादी उन्हात घालते, चादरी बदलते, कोथिंबीर चिरून सांबारवडीचं सारण करते. तुमच्या क्लासात असते तर तुम्ही मला हाताला धरून एक्सपेक्टच्या स्वयंपाकघरातून बाहेर काढलं असतं. येतो असं तो म्हणालाच नव्हता. गेल्या दिवाळीत त्या वड्या मी शेजारणीकडे नेऊन दिल्या. ती खाता खाता म्हणाली, "काहून वं रिकामी ठेवून राहिली ते खोली? भुताले भाड्यानं देली का?" मी हसले आणि घरी येऊन पुष्कळ रडले.

तिनंच मग एक जोडपं पाठवलं. मुलगी दवाखान्यात नर्स आहे, नवरा बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात. मी म्हटलं, मुलाला विचारून सांगते. रविवारी त्याचा फोन आला तेव्हा विचारलं. मला वाटलं, थोडा तरी अडखळेल. तो म्हणाला, "देऊन टाक ना आई. तुले सोबत होईन. मी आलो तं हॉटेलात उतरीन, तुले कशाला त्रास?" अगदी प्रेमानं म्हणाला, बाई, म्हणूनच मला रागावताही येईना. मी म्हटलं, बघते.

गेल्या महिन्यात त्या मुलीला किल्ली दिली. ती भली पोर आहे. जिन्यातच थांबून म्हणाली, "काकू, तुमचे दादा येणार असतीन तं दोन दिवस आधी सांगजा, आमी खोली खाली करून देऊ." मी म्हटलं, तो यायचा असं काही नाही. हे वाक्य मी तोवर कोणापुढे उच्चारलं नव्हतं. ती मान हलवून वर गेली. आता संध्याकाळी वर कोणीतरी चालतं, भांडं पडतं, मग दोघं हसतात. ते आवाज मला आवडतात, आणि आवडतात याचंच वाईट वाटतं.

हे कुठे पाठवणार? तुमच्या क्वार्टरात आता दुसरं कोणी राहतं, आणि तुम्ही तर त्याच्याही कितीतरी पलीकडे. पण एक गोष्ट तुम्हालाच सांगता येते. खोली दिल्याचं मी मुलाला अजून कळवलेलं नाही. विचारतो तेव्हा म्हणते, बघू, घाई काय आहे. कळलं की त्याला हायसं वाटेल, बाई, आणि ते त्याच्या आवाजात ऐकायची माझी हिंमत नाही.