किन्हीराजाच्या विहिरींची कार्डे

प्रति,
मा. विशेष अधिकारी,
टंचाई गणना कक्ष, वाशिम.

विषय : विहिरींची छिद्रित कार्डे फोनऐवजी वाहनाने पाठवू देणेबाबत.
संदर्भ : आपला ट्रंककॉलवरील तोंडी आदेश.

महोदय,

अर्जदार ही आपल्या कक्षाची किन्हीराजा येथील गणना सहायक आहे. दर विहिरीमागे एक कार्ड तिने स्वतः छिद्रित केले. छेद कुठल्या रकान्यात आहे, यावरून नागपूरचे गणकयंत्र विहिरीची स्थिती वाचते. शेवटच्या रकान्यातला छेद म्हणजे बारमाही पाणी. तो एकाही कार्डात नव्हता.

१. कार्डांची पेटी बसने रवाना केली. वाटेत कंडक्टर श्री. किसनसिंग यांनी ती उघडून प्रत्येक कार्डाच्या कडेला, म्हणजे नेमका शेवटच्या रकान्यात, आपला तिकिटाचा चिमटा मारला. परतल्यावर विचारले असता ते म्हणाले, "बाई, आधीचे छेद कोन्या गाडीचे हायेत, मले काय माईत? मी माह्या गाडीचा मारला."

२. यंत्राने गावच्या सर्व विहिरी बारमाही ठरवल्या. त्यामुळे टँकर बंद झाला. गाव सध्या नाल्यात झिरे उकरून पाणी भरते.

३. वाहनावर भरवसा नसल्याने दुरुस्ती फोनवरूनच घेऊ, असा आपला आदेश झाला. त्यानुसार अर्जदार मालेगावच्या पोस्टातून "छेद आहे, छेद नाही" असे रकानेवार सांगू लागली. पहिले कार्ड संपण्याआधी लाइन तुटली. मागे रांगेत गावच्या दुर्गाबाई होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, इतके छेद सांगून राह्यली, त्यात एकडाव पानी तं माग."

४. या वेगाने सर्व कार्डे सांगून होईपर्यंत पावसाळा उलटेल. तेव्हा विहिरींना खरोखर पाणी असेल व यंत्राचे म्हणणे आपोआप बरोबर ठरेल. अर्जदारास ही पद्धत शास्त्रीय वाटत नाही.

५. नवी कार्डे तयार आहेत. पेटीभर माहिती तारेतून जाण्यापेक्षा चाकावर लवकर पोचते. मात्र ते वाहन बिनाकंडक्टरचे हवे. चौकशीअंती असे एकच सरकारी वाहन आढळले, ते म्हणजे पाण्याचा टँकर. तरी कार्डे नेण्यासाठी तो किन्हीराजास पाठवावा. इंधन सरकारी असल्याने त्याने येताना रिकामे येऊ नये, एवढीच विनंती.

उत्तर टँकरसोबतच पाठवले तरी चालेल.

आपली नम्र,
पंचफुला देवमन इंगळे, बी.एस्सी.
किन्हीराजा, दि. ९ मे १९७३

सोबत : जादा छेदांतून पडलेले तुकडे, एक पुडी. श्री. किसनसिंग यांनी ते जपून ठेवले होते.