मोरचूद नसलेली खळ

आमगाव, मंगळवार, १२ ऑगस्ट

सुजातावर माझा अजून विश्वास बसत नाही. छप्पन साली गावात धम्मदीक्षा घेतलेल्यांची नावं आजोबांनी ज्या वहीत लिहिली, ती दुरुस्त करायला मीच तिला बोलावलं. पण आज तिनं कुरडईला शिजवतात तसा गव्हाचा चीक शिजवला, गाळला, थंड केला, आणि झाली खळ! म्हणे, ओल्या बोळ्यानं पुन्हा सुटेल अशीच हवी. सुटेल अशी? उद्या कोणी चिकटवलेली कागदाची पट्टी सोडवून नावच बदललं तर?

आणि मोरचूद नाही. सभांची पोस्टरं चिकटवण्यात माझं आयुष्य गेलं. मोरचुदाशिवाय खळ म्हणजे कसरीला जेवण. ती चिमूटभर निळी पूड मी खिशातून नेलीच होती. ती वळली की टाकणार होतो.

तेवढ्यात तिनं एक पान उजेडात धरलं. जुन्या ठिगळाभोवती कागद तपकिरी झालेला, बोट लागताच भुगा. दोन नावं गेलेली.

"काकाजी, मोरचुदाची खळ कोणं लावली जी? किडा मेला, पण कागद खाऊन राहिली ना!"

भरल्या सभेत कधी न अडखळलेला मी अडखळत म्हणालो, "काय माहीत. जुनं काम असेल."

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. की मलाच तसं वाटलं?

मीच तशा खळीनं चिकटवलेली वहीची आणखी चार पानं माझ्या कपाटात आहेत. तिच्यावर भरवसा नव्हता म्हणून दिलीच नाहीत. दिली तर तिला सगळं कळेल. न दिली तर आणखी नावं जातील.

उद्या सकाळीच नेतो.